संशोधकाचे मोल एका आकड्यात : एच-इंडेक्सचे कोडे आणि त्यापलीकडचा हिशेब

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नोकरीच्या मुलाखतींची तयारी करताना जी कोडी हमखास सोडवावी लागतात, त्यांत एक कोडे संशोधकांच्या कारकिर्दीविषयीचे आहे. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर ते २७४ व्या क्रमांकावर आहे. एका संशोधकाने लिहिलेल्या लेखांची यादी दिलेली असते. प्रत्येक लेखाचा उल्लेख इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा केला, एवढाच आकडा प्रत्येक लेखापुढे असतो. या आकड्यांवरून त्या संशोधकाचा ‘एच-इंडेक्स’ काढणारा प्रोग्रॅम लिहायचा, एवढेच काम. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात काय किंवा गोव्यातील अन्य तंत्रशिक्षण संस्थांत काय, विद्यार्थी हे कोडे तासाभरात सोडवून पुढच्याकडे वळतात. परंतु ज्या आकड्याचे हे कोडे आहे, तो आकडा प्राध्यापकांच्या नेमणुकांत, बढत्यांत आणि संशोधन-अनुदानांत आज खरोखर वापरला जातो. म्हणून तो कसा काढतात, आणि काढल्यावर त्यातून काय कळते व काय कळत नाही, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

कल्पना कोठून आली

एखाद्या लेखाचा उल्लेख किती जणांनी केला, हे पद्धतशीरपणे नोंदवण्याची कल्पना अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही उल्लेखसूची प्रसिद्ध केली. तिचा मूळ हेतू शोधाशोध सोपी करण्याचा होता. एखादा जुना लेख हाती आला की त्याचा आधार पुढे कोणी कोणी घेतला हे पाहावे आणि त्या मागावरून विषयाचा प्रवास समजून घ्यावा, हे तिचे प्रयोजन. माणसांची प्रतवारी करण्यासाठी ती जन्मली नव्हती. पण मोजता येणारी वस्तू हाती आली की मोजण्याचा मोह आवरत नाही, तसेच येथेही झाले.

केवळ लेख मोजावेत, तर भाराभर लिहिणारा पुढे जातो. केवळ उल्लेख मोजावेत, तर एखादाच गाजलेला लेख सगळा हिशेब फिरवून टाकतो. या दोहोंमधला मार्ग म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली एक नवा निर्देशांक सुचवला. तोच एच-इंडेक्स. त्याची व्याख्या एका वाक्याची आहे : ज्या संशोधकाच्या किमान ‘एच’ इतक्या लेखांचा प्रत्येकी किमान ‘एच’ वेळा उल्लेख झाला आहे, अशी सर्वांत मोठी ‘एच’ ही संख्या म्हणजे त्याचा निर्देशांक.

संत्र्याच्या झाडांवरून समजून घेताना

व्याख्या वाचताना जीभ आणि बुद्धी दोन्ही अडखळतात. म्हणून ती प्रत्यक्षात पाहावी. मध्य प्रदेशात महाराष्ट्राच्या सीमेला लागून पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी बोलला जाणारा मुलूख आहे. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन त्याचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर तालुक्यातील लोधीखेडा हे गाव याच पट्ट्यातले. नागपूरच्या बाजारपेठेशी जोडलेला हा सारा परिसर संत्र्यांच्या बागांसाठी ओळखला जातो.

समजा, लोधीखेड्याच्या एखाद्या बागायतदाराच्या बांधावर संत्र्याची सहा झाडे आहेत. एका बहारात त्यांनी अनुक्रमे ४, ६, १, ५, २ आणि ४ क्रेट फळ दिले. आता प्रश्न असा : ‘किमान इतक्या झाडांनी प्रत्येकी किमान तितकेच क्रेट फळ दिले’ असे म्हणता येईल, अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? तीन झाडांनी प्रत्येकी किमान तीन क्रेट दिले, हे खरे आहे. चार झाडांनी प्रत्येकी किमान चार क्रेट दिले, हेही खरे आहे; कारण ६, ५, ४ आणि ४ देणारी चार झाडे आहेत. पण पाच झाडांनी प्रत्येकी पाच क्रेट दिले असे म्हणता येत नाही. म्हणून या बागेचा एच-इंडेक्स ४. झाडाच्या जागी लेख आणि क्रेटच्या जागी उल्लेख घातला की संशोधकाचा निर्देशांक मिळाला.

या उदाहरणातून निर्देशांकाचा स्वभावही ध्यानात येतो. सहा क्रेट देणाऱ्या झाडाने पुढच्या बहारात साठ क्रेट दिले तरी उत्तर ४ च राहील. एकेका क्रेटची शंभर झाडे नव्याने लावली तरीही ते हलणार नाही. एकाच झाडाची मिजास चालत नाही आणि नुसत्या झाडांची गर्दीही कामाची नाही. उत्तर वाढायचे तर पुरेशा झाडांनी पुरेसे फळ द्यावे लागते. हिर्श यांना हाच समतोल साधायचा होता.

सोडवण्याची सरळ रीत

आता प्रत्यक्ष कोडे घेऊ. एका संशोधकाचे नऊ लेख आहेत आणि त्यांचे उल्लेख असे आहेत : १२, ४, ०, ७, २५, ५, ३, ५, १.

सर्वांत भाबडी रीत म्हणजे प्रत्येक संभाव्य उत्तर तपासून पाहणे. उत्तर लेखांच्या संख्येहून मोठे असूच शकत नाही, म्हणून ९ पासून सुरुवात करावी. किमान ९ उल्लेख असलेले लेख किती? दोनच. मग ८ घ्यावे, मग ७. असे उतरत जाऊन जेथे अट पूर्ण होईल तेथे थांबावे. रीत बरोबर आहे, पण प्रत्येक वेळी सगळी यादी पुन्हा चाळावी लागते. कोड्यात लेखांची संख्या ५,००० पर्यंत असू शकते. अशा वेळी तुलनांचा आकडा वाईटात वाईट अडीच कोटींपर्यंत जातो.

त्याहून चांगली रीत म्हणजे आधी यादी उतरत्या क्रमाने लावून घेणे. वरील आकडे मग असे दिसतात : २५, १२, ७, ५, ५, ४, ३, १, ०. आता पहिल्या आकड्यापासून चालत जावे आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : येथला आकडा त्याच्या क्रमांकाइतका किंवा त्याहून मोठा आहे का? पहिल्या स्थानी २५, चालले. दुसऱ्या स्थानी १२, तिसऱ्या स्थानी ७, चौथ्या स्थानी ५, सारे चालले. पाचव्या स्थानी ५, बरोबरीने का होईना, पण चालले. सहाव्या स्थानी मात्र ४ आहे, आणि ४ हा ६ पेक्षा लहान आहे. तेथे थांबावे. शेवटचे यशस्वी स्थान पाचवे, म्हणून उत्तर ५.

ही रीत चुकत का नाही, हेही समजून घेतले पाहिजे. यादी उतरती असल्यामुळे पाचव्या स्थानावरचा आकडा किमान ५ असेल, तर त्याच्या आधीचे चारही किमान ५ असणारच. म्हणजे किमान ५ उल्लेखांचे पाच लेख निश्चित झाले. उलट सहाव्या स्थानी ६ पेक्षा लहान आकडा आला, तर पुढचे सगळे त्याहून लहान किंवा तेवढेच. त्यामुळे ६ उल्लेखांचे सहा लेख मिळणे अशक्य. आकडे उतरत जातात आणि क्रमांक चढत जातात, म्हणून त्यांची एकदाच फारकत होते. ती जागा सापडली की काम संपले.

विद्यार्थी कोठे फसतात

या कोड्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण ‘किमान’ या शब्दाचे. ‘इतका किंवा त्याहून मोठा’ या तुलनेऐवजी नुसते ‘त्याहून मोठा’ असे लिहिले, तर वरच्या उदाहरणात पाचव्या स्थानी ५ हा ५ पेक्षा मोठा ठरत नाही आणि उत्तर ४ येते. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, कोठेही अडत नाही, आणि उत्तर मात्र एकाने चुकते. अशा चुका शोधणे सर्वांत कठीण असते.

दुसरे ठिकाण मोजणीच्या आरंभाचे. बहुतेक संगणकभाषांत यादीचे स्थान शून्यापासून मोजले जाते, तर व्याख्येतला क्रमांक एकापासून सुरू होतो. हे अंतर भरून काढले नाही की उत्तर पुन्हा एकाने इकडे-तिकडे होते.

तिसरे ठिकाण समजुतीचे आहे. उत्तर हे यादीतल्या आकड्यांपैकीच एक असले पाहिजे, असे अनेकांना वाटते. ते तसे नाही. एखाद्याचे तीनच लेख असतील आणि प्रत्येकाचे उल्लेख १० असतील, तर उत्तर ३ येते, आणि ३ हा आकडा यादीत कोठेही नाही. त्याचप्रमाणे एकच लेख आणि त्याचे शंभर उल्लेख असतील तर उत्तर १. सगळेच लेख अनुल्लेखित असतील तर उत्तर ०. प्रोग्रॅम लिहून झाल्यावर ही तीन टोकाची उदाहरणे हाताने सोडवून पाहिली, तर बहुतेक दोष तेथेच उघडे पडतात.

क्रम न लावता उत्तर

क्रम लावण्यालाही वेळ लागतो. ५,००० आकड्यांसाठी साधारण साठ हजारांच्या आसपास तुलना होतात. ते टाळण्याची एक सुबक युक्ती आहे. उत्तर लेखांच्या संख्येपलीकडे जात नाही, हे आपण पाहिलेच. मग नऊ लेखांच्या संशोधकाच्या बाबतीत २५ आणि १२ यांच्यातला फरक निरर्थक ठरतो. दोन्ही ‘९ किंवा अधिक’ एवढेच पुरे.

म्हणून ० ते ९ अशी दहा खोकी मांडावीत. प्रत्येक लेख त्याच्या उल्लेखांच्या खोक्यात टाकावा आणि ९ च्या वरचे सगळे शेवटच्या खोक्यात. संत्र्यांची प्रतवारी करताना ठरावीक आकाराच्या वरची सगळी फळे एकाच ढिगात जातात, तसाच हा प्रकार. आपल्या उदाहरणात ९ च्या खोक्यात दोन लेख पडतात, ७ च्या खोक्यात एक, ५ च्या खोक्यात दोन, आणि ४, ३, १ व ० यांत प्रत्येकी एक. आता वरून खाली येत बेरीज करावी. ९ वर बेरीज २. ८ वरही २. ७ वर ३. ६ वर ३. ५ वर ५. बेरीज खोक्याच्या क्रमांकाला जेथे प्रथम गाठते, तेथे उत्तर. ते ५ च आले. यादी एकदा चाळायची आणि खोकी एकदा मोजायची, एवढ्यात काम होते. ५,००० लेखांनाही दहा हजारांच्या आसपास पायऱ्या पुरतात. थोडी अधिक जागा वापरून पुष्कळ वेळ वाचवणे, ही संगणकशास्त्रातली जुनी देवघेव आहे.

लीटकोडवरचे पुढचे, २७५ व्या क्रमांकाचे कोडे याचाच विस्तार आहे. तेथे यादी आधीच चढत्या क्रमाने लावून दिलेली असते आणि सगळी यादी न चाळता उत्तर मागितले जाते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्येच पान उघडतो आणि डावीकडे जायचे की उजवीकडे हे ठरवतो. बायनरी सर्च म्हणजे हीच निम्म्यानिम्म्याने शोधण्याची रीत. यादीच्या मध्यावरचा आकडा पाहावा आणि त्याच्यापासून शेवटापर्यंत किती लेख आहेत ते मोजावे. आकडा त्या संख्येइतका किंवा मोठा असेल तर डावीकडे सरकावे, नसेल तर उजवीकडे. आपल्या उदाहरणात मधला म्हणजे पाचवा आकडा ५ आहे आणि तेथून शेवटपर्यंत पाच लेख आहेत. अट पूर्ण झाली. डावीकडे १, ३ आणि ४ तपासल्यावर एकही टिकत नाही, म्हणून उत्तर ५. अशा रीतीने ५,००० लेखांची यादीही फार तर तेरा वेळा पाहून उत्तर मिळते.

कोसंबींच्या चार पानांचे काय?

कोडे येथे संपते. आता प्रश्न उरतो तो त्या आकड्याच्या अर्थाचा, आणि त्यासाठी गोमंतकाच्या सुपुत्राचेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. हार्वर्डमध्ये शिक्षण घेऊन ते भारतात परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. इतिहास, नाणकशास्त्र, संस्कृत ग्रंथांचे संपादन अशा अनेक क्षेत्रांत त्यांचा संचार होता.

१९४४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा चार पानांचा एक लेख जनुकशास्त्राविषयीचा आहे. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर त्या काळी प्रत्यक्ष मोजता येत नसे. संततीमध्ये ती जनुके किती वेळा एकमेकांपासून अलग होतात, यावरून अंतराचा अंदाज करावा लागे. गुणसूत्राच्या एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हा परिणाम विचारात घेणारे सूत्र कोसंबींनी दिले. जगभरच्या प्रयोगशाळांत पिकांचे जनुकीय नकाशे करताना आजही ‘कोसंबी फंक्शन’ या नावाने ते वापरले जाते. भातापासून संत्रावर्गीय फळझाडांपर्यंत अनेक नकाशांत त्याचा उपयोग झाला आहे. या लेखाचे उल्लेख हजारांत आहेत.

पण एच-इंडेक्सच्या खोक्यांत हा लेख कोठे पडतो? अगदी वरच्या खोक्यात, आणि तेथे तो एक लेख म्हणूनच मोजला जातो. त्याचे हजारो उल्लेख आणि दुसऱ्या कोणाच्या लेखाचे पन्नास उल्लेख यांत निर्देशांक फरक करत नाही. ज्या युक्तीने प्रोग्रॅम जलद होतो, तीच युक्ती येथे आकड्याची मर्यादा दाखवून देते : ठरावीक उंचीच्या पुढचे सारे काही छाटून टाकल्याने उत्तर बदलत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लिओ एग्घे यांनी २००६ मध्ये ‘जी-इंडेक्स’ सुचवला, ज्यात गाजलेल्या लेखांच्या अतिरिक्त उल्लेखांनाही वजन मिळते. तरीही प्रचारात राहिला तो एच-इंडेक्सच.

पीटर हिग्ज यांची गोष्ट याच जातीची. १९६४ मधल्या ज्या कामासाठी त्यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यानंतर त्यांनी फार थोडे लेख लिहिले. आजच्या काळात आपण पुरेसे ‘उत्पादक’ ठरलो नसतो आणि विद्यापीठात नोकरीही मिळाली नसती, असे मत त्यांनीच त्या वर्षी व्यक्त केले होते.

कोणत्या मातीत काम केले, यावर आकडा ठरतो

दुसरी मर्यादा विषयाची आहे. ज्या विषयात जगभर हजारो लोक काम करतात, तेथे उल्लेख भराभर वाढतात. ज्या विषयाला मोजके अभ्यासक आहेत, तेथे उत्तम लेखालाही मोजकेच उल्लेख मिळतात. हिर्श यांनी स्वतः अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांसाठी काही अंदाज दिले होते : वीस वर्षांच्या कामानंतर २० हा निर्देशांक यशस्वी शास्त्रज्ञाचा, ४० हा असामान्याचा. हे आकडे एका देशातल्या एका विषयाचे होते. त्याच मापाने मराठीचा अभ्यासक, गणिती आणि वैद्यकीय संशोधक या तिघांना मोजणे म्हणजे एकाच क्रेटमध्ये संत्री, काजू आणि कलिंगड भरून वजनाची तुलना करणे होय.

लोधीखेडा-सौंसरच्या बागांचेच पाहावे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या भागाच्या पिकावर काम करते. संत्र्याच्या एखाद्या रोगावर, मातीतल्या एखाद्या कमतरतेवर किंवा बहार धरण्याच्या पद्धतीवर केलेले संशोधन तिथल्या बागायतदाराच्या वर्षभराच्या मिळकतीचा प्रश्न सोडवू शकते. परंतु बागायतदार लेख लिहीत नाही, त्यामुळे त्याच्याकडून उल्लेखही होत नाही. बाग वाचली तरी उल्लेखसूचीत एकाचीही भर पडत नाही.

गोव्याची स्थिती वेगळी नाही. खाजन शेती, तिथले बांध, खारट पाण्यातही तग धरणारे कोरगूट भात यांवरचे संशोधन गोव्यासाठी मोलाचे आहे, पण जगाच्या पाठीवर या विषयांचे अभ्यासक थोडेच. जुन्या गोव्यातील कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञापुढे उद्या निवड आली की स्थानिक भातावर पाच वर्षे घालवायची की जगभर चलती असलेल्या विषयावर, तर आकडा त्याला दुसऱ्या वाटेकडे ढकलील. खरा धोका येथे आहे. मोजमापाची पद्धत संशोधकाचे मूल्य चुकीचे सांगते एवढ्यावर ते थांबत नाही. कोणते संशोधन होणार आणि कोणते होणारच नाही, हेही तीच ठरवू लागते.

यादीच अपुरी असेल तर

तिसरा प्रश्न आकड्यांच्या उगमाचा. प्रोग्रॅम कितीही अचूक लिहिला, तरी त्याला दिलेली यादी अपुरी असेल तर उत्तरही अपुरेच येणार. एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे दाखवतो, कारण प्रत्येकाने जमवलेली नियतकालिके वेगळी आहेत. मराठीतील बहुतेक संशोधनपर नियतकालिके या सूच्यांत नाहीत. ग्रंथांची नोंदही तोकडी आहे. अनंत काकबा प्रियोळकर यांचा भारतातील मुद्रणकलेवरचा १९५८ चा इंग्रजी ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. पण प्रियोळकरांसारख्या अभ्यासकाची कामगिरी प्रामुख्याने ग्रंथांत आणि मराठी लेखनात असते. लेखांची यादी करणाऱ्या यंत्राला ती जवळपास दिसतच नाही.

नावांचा घोळ निराळाच. एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षरांचे अनेक संशोधक असतात, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे लेख दोन वेगळ्या व्यक्तींच्या खाती जमा होतात. याच कारणाने प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र क्रमांक देणारी ‘ऑर्किड’ ही व्यवस्था २०१२ पासून सुरू झाली.

शिवाय एका लेखाचे लेखक किती, हे निर्देशांक पाहत नाही. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर प्रसिद्ध झालेल्या एका लेखाला ५,१५४ लेखक होते. त्यातल्या प्रत्येकाच्या यादीत तो लेख पूर्ण एक म्हणून गणला जातो, आणि एकट्याने लिहिलेला लेखही एकच. स्वतःच्याच जुन्या लेखांचे उल्लेख करणे, आपापसात ठरवून एकमेकांचे उल्लेख करणे, काम न करता लेखकांच्या यादीत नाव घालणे हे प्रकारही या आकड्याच्या आश्रयाने वाढले. आणि हा आकडा कधी कमी होत नाही. संशोधन थांबले तरी जुन्या लेखांचे उल्लेख चालूच राहतात, तर नुकतीच सुरुवात केलेल्या गुणी संशोधकाचा आकडा काही वर्षे लहानच असणार.

मापाचा मालक झाला की

या साऱ्याची जाणीव जगाला झालेली नाही असे नाही. संशोधनाचे मूल्यमापन केवळ आकड्यांवरून करू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ मध्ये निघाला. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडन जाहीरनाम्याने आकडा हा जाणकारांच्या निर्णयाला पूरक असावा, त्याची जागा घेणारा नसावा, असे सांगितले. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण मिळावे, हेही त्याच्या तत्त्वांपैकी एक आहे. खुद्द हिर्श यांनी २०२० साली आपल्या निर्देशांकाच्या अनपेक्षित दुष्परिणामांविषयी जाहीरपणे लिहिले.

भारतानेही या वाटेवरचे काटे अनुभवले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रसिद्ध लेखांना गुण देण्याची पद्धत आली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्यांना आळा घालण्यासाठी मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ सूची करण्यात आली. २०२५ मध्ये ती सूचीही बंद करून पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर सोपवण्यात आली. आकड्यावरून सूचीकडे आणि सूचीवरून पुन्हा माणसाच्या विवेकाकडे असा हा प्रवास आहे.

म्हणून एच-इंडेक्स टाकून द्यावा असे नव्हे. एकाच विषयातल्या, साधारण सारख्याच अनुभवाच्या दोन संशोधकांची पहिली ओळख करून घ्यायला तो उपयोगी पडतो. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्याने तो जरूर पाहावा. पण त्याबरोबरच त्या मार्गदर्शकाचे दोन-तीन लेख प्रत्यक्ष वाचावेत, त्यांत विद्यार्थ्यांना श्रेय दिले आहे का हे पाहावे, आणि आधीच्या विद्यार्थ्यांनी पुढे काय केले याची चौकशी करावी. निवड समितीवर बसणाऱ्यांनी अर्जातला आकडा पाहण्याआधी उमेदवाराचे एक तरी काम मुळातून वाचावे. ज्या प्रोग्रॅमला पाच हजार लेखांचा हिशेब करायला तेरा पायऱ्या पुरतात, त्याला त्यातला एकही लेख वाचता येत नाही. ते काम माणसांनाच करावे लागेल.